धुरांड्यावरचा लाल नांगर

जामसंड्याच्या बाबली मुणगेकराला बोटी करता येत नसत, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होती. पांगाऱ्याच्या लाकडातून तो जी आगबोट कोरून काढी तिचा तळ काथवटीसारखा बसका, पुढची नाळ वाकडी आणि धुरांडं मात्र एवढं उंच, की बोटीला धुरांडं आहे की धुरांड्याला खालून बोट चिकटवली आहे असा प्रश्न पडावा. धुरांडं उंच कशाला, तर त्यावर कंपनीची खूण रंगवायला ऐसपैस जागा हवी. काळ्या धुरांड्यावर पिवळा पट्टा आणि पट्ट्यात लाल नांगर. हा नांगर रंगवताना बाबली जीभ दातांत धरून बसे. त्या वेळी घराला आग लागली असती तरी तो उठला नसता.

पोटापाण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. बाबलीची भातशेती होती, आंब्याची कलमं होती, खाऊनपिऊन घर सुखी होतं. बोटी हा निव्वळ नाद. मुंबईची आगबोट देवगड बंदराबाहेर नांगर टाकून उभी राही, होड्या माणसं घेऊन तिला भिडत, आणि गावचं एखादं पोर ट्रंक उराशी धरून शिडी चढे. ते पोर मुंबईला गेलं की चार दिवसांनी बाबली त्याच्या घरी एक बोट घेऊन हजर. "ह्या बोटीन तुमचो झील गेलो, ह्याच बोटीन परत येतलो," एवढं म्हणायचं आणि बोट त्या घरच्या आईच्या हातात द्यायची. कुणी नारळ पुढे केला तरी तो रागावत असे. बायका ती बोट देवांच्या फळीवर ठेवत, तिला हळदकुंकू लावत, आणि आगबोट उशिरा आली की नांगराकडे बघून देवाचं नाव घेत. नांगर नसता तर ती कंपनीची बोट कशी वाटली असती?

बाबली तसा फार सरळ माणूस. पहिल्या बोटीच्या वेळीच त्याला शंका आली होती, की खूण तर कंपनीची, ती न विचारता कशी काढायची? मग कुणाला विचारायचं? जामसंड्यात शंका आली की माणसं जिथे जातात तिथेच तो गेला, गावदेवीच्या देवळात. गुरवानं देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, "बाबलीन कंपनीचो नांगर काढूचो असात तर उजवो कौल दी, काढूचो नसात तर डावो दी." उजवी पाकळी टपकन पडली. बाबलीचं समाधान झालं. परवानगी मिळाली.

ही हकिकत तो चारचौघांत सांगे तेव्हा त्याचा मेव्हणा हरिश्चंद्र नारिंग्रेकर पोट धरून हसे. हरिश्चंद्र देवगड बंदरावरचा कंपनीचा एजंट. म्हणजे तिकिटं फाडणारा, मालाची पावती करणारा, आगबोटीचा भोंगा झाला की काळा कोट चढवून धक्क्यावर येणारा. घरी तो तुमच्याआमच्यासारखं मालवणी बोले. कोट अंगात गेला की त्याची मराठी पुस्तकातल्यासारखी सरळ होई. त्याची धाकटी बहीण सुगंधा बाबलीला दिली होती. बाबली वयानं बराच वडील, पण मेव्हण्याचं त्याला भारी कौतुक. "आमचो हरी कंपनीत आसा," असं तो म्हणे, जसं काही कंपनी हरिश्चंद्रच चालवत होता. हरिश्चंद्रालाही ते खोटं आहे हे सांगावंसं कधी वाटलं नाही. त्याच्या ओसरीवर बाबलीची एक बोट होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवी.

साठ सालच्या दिवाळीनंतर मुंबईहून कंपनीचे दिघे साहेब बंदरं बघायला आले. देवगडची एजन्सी हरिश्चंद्राकडे ठेवायची की दुसऱ्या कुणाकडे द्यायची, असं वर काहीतरी शिजत होतं; हरिश्चंद्राच्या कानावर ते आलं होतं आणि त्याची पाचावर धारण बसली होती. साहेबांना जेवायला घरी बोलावलं. बायको सावित्री बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून सुगंधा जामसंड्याहून रांधायला आली. सरंग्याची आमटी, तळलेले तुकडे, सोलकढी. साहेब मनापासून जेवत होते. हरिश्चंद्राला वाटलं, निम्मं काम झालं.

तेवढ्यात साहेबांची नजर ओसरीवरच्या बोटीकडे गेली.

"हे कोणी केलं हो?"

"आमच्या मेव्हण्यांनी, साहेब," हरिश्चंद्र खुलून म्हणाला. "छंद आहे त्यांना. गावात घरोघरी आहेत. आपल्या कंपनीवर लोकांचं किती प्रेम आहे बघा."

साहेबांचा हात पानातच थांबला. "घरोघरी? आणि आपलं चिन्ह काढून?" ते रागावले नव्हते. शांतपणे समजावून सांगितल्यासारखं त्यांनी सांगितलं, की तो नांगर आता सरकारदरबारी नोंदलेला आहे, नवा कायदा झाला आहे. मुंबईच्या एका कारखान्यानं पत्र्याच्या खेळण्यातल्या आगबोटी काढल्या आहेत आणि नांगर वापरायचा रीतसर परवाना कंपनीकडून घेतला आहे. उद्या तो कारखानदार विचारील, आम्ही परवाना घ्यायचा आणि हे फुकट काढणार? "यांना परवानगी कोणी दिली?"

आता खरं उत्तर एकच होतं. देवीनं दिली. कौल लावून दिली. हरिश्चंद्राच्या जिभेवर ते आलंही. आणि त्याच क्षणी त्याला दिसलं, की साहेब हे ऐकून आधी थक्क होतील, मग हसतील, मग मुंबईच्या ऑफिसात चहाच्या वेळी ही गोष्ट सांगतील, आणि त्या गोष्टीत देवगडचा एजंट हा पाकळ्या मोजणारा एक खुळा कोकण्या असेल. त्याला आपल्या भावोजींची लाज वाटली. गुरवाची, देवळाची, ज्या गावात जन्मला त्या गावाची त्याला साहेबांसमोर लाज वाटली.

"कोणीच नाही, साहेब," तो म्हणाला. "मी त्यांना पुष्कळदा बजावलं. ऐकतच नाहीत. वर जत्रेत विकतात."

विकतात, हे कशाला म्हणाला? साहेबांनी ते विचारलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस हरिश्चंद्र स्वतःला हे विचारत राहिला. बजावलं होतं हे खोटं त्याला निदान कळत होतं. पण विकतात हा शब्द त्याच्या तोंडातून कुठून आला ते त्याला समजेना. बहुधा इतकंच असेल, की साहेबांच्या बाजूला उभं राहायचं ठरल्यावर अर्धवट उभं राहणं त्याला जमलं नाही.

त्यानं मान वर केली तर माजघराच्या दारात सुगंधा भात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. साहेबांना भात वाढला, भावाला वाढला आणि आत गेली. साहेब जाताना बोट नमुना म्हणून बरोबर घेऊन गेले आणि एजन्सी हरिश्चंद्राकडेच राहिली.

महिन्याभरात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. बाबलीच्या नावाची, पण एजंटामार्फत, म्हणजे वाचून दाखवायची जबाबदारी हरिश्चंद्राचीच. बाबलीच्या घरापुढच्या खळ्यात बसून त्यानं ती वाचली, मालवणीत उलगडून सांगितली. कंपनीचं नोंदलेलं व्यापारचिन्ह, बिनपरवाना वापर, चिन्हाचं विद्रूपीकरण, जत्रेत विक्री. सगळ्या बोटी जमा करा, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या, नाहीतर मुंबईच्या कोर्टात उभे राहा.

"पण परवानगी आसा मरे माका," बाबली म्हणाला.

"भावोजी, ती देवीची. कंपनीची लागता."

बाबलीनं थोडा विचार केला. "देवीन दिल्यान तरी कंपनी देणार नाय?" हे त्यानं चिडून विचारलं नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तोच म्हणाला, "बरां, चुकलां आमचा. देवीक इचारलंय तसा कंपनीक पण इचारूक व्हया होता. आता इचारूया. परवानो मागूया. तू लिव."

हरिश्चंद्रानं लिहिलं. उत्तर आलं, की परवाना कारखान्याला मिळतो, घरी बसून कोरणाऱ्याला नाही, आणि खेळण्यातल्या बोटींचा तर एकालाच दिलेला आहे. तरीही हरिश्चंद्रानं गप्प न बसता साहेबांच्या विनवण्या केल्या. मनाला लागलेली टोचणी थोडी तरी बोथट व्हावी म्हणून. शेवटी कंपनीनं एवढी सवलत दिली, की बोटी लोकांकडेच राहू देत, फक्त नांगर खरवडून काढायचा. एजंटासमक्ष.

"बघ," बाबली सुगंधेला म्हणाला, "हरी होतो म्हणान बोटी रवल्यो. नायतर सगळ्यो गेल्यो असत्यो." सुगंधा चुलीत फुंकर घालत होती. ती घालतच राहिली.

मग हे दोघे घरोघरी निघाले. नांगर खरवडायला बाबली स्वतःच येतो म्हणाला, दुसऱ्याच्या हातानं लाकूड दुखावेल म्हणून. पुढे कोयती घेतलेला बाबली, मागे कोटातला हरिश्चंद्र. प्रत्येक घरी तेच. बाई देवांच्या फळीवरून बोट काढून आणी, बाबली ओसरीवर मांडी घालून ती मांडीवर घेई, आणि आपणच जीभ दातांत धरून काढलेला नांगर हळूहळू तासून काढी. लाल रंगाची भुकटी त्याच्या धोतरावर पडे. धुरांड्यावर पांढरट लाकडाचा डाग राही. "आता बरी दिसता," असं तो उगीचच म्हणे आणि बोट परत देई.

काशीबाईच्या घरी मात्र जड गेलं. काशीबाई म्हातारी, एकटी. तिचा एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. तिनं बोट छातीशी धरून ठेवली.

"ह्यो नांगर काढलो तर माझो झील परत कसो येतलो रे बाबली?"

"काशीबाय, येतलो. बोट तीच आसा."

"कोणाच्या पोटात दुखला? कोणी सांगल्यान त्या कंपनीक?" तिनं हरिश्चंद्राकडे बघितलं. "हरी, तू कंपनीतलो. तुका ठावक असात."

हरिश्चंद्रानं कोटाचं बटण चाचपलं. "वरसून इला, काकी," तो म्हणाला. "आमका काय कळता?" म्हातारीनं बोट दिली. बाबली तासत असताना ती पाठ फिरवून बसली, आणि हरिश्चंद्राला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण अंगणात कोंबड्या टिपत होत्या आणि धरणी आपल्या जागी होती.

काशीबाईचा प्रश्न मग सगळ्या गावाचा झाला. कुणी सांगितलं? नोटिशीत विक्रीची गोष्ट होती आणि बाबलीनं तर जन्मात बोट विकली नव्हती, म्हणजे सांगणाऱ्यानं मुद्दाम खोटं सांगितलं होतं. खोटं सांगून कुणाचा फायदा? आणि गावाला एकदम आठवला गणपत चितारी.

गणपत सावंतवाडीचा. लाकडी फळं, भोवरे, पोळपाट, बाहुल्या घेऊन तो दरवर्षी जामसंड्याच्या जत्रेत दुकान मांडी. मागच्या जत्रेत त्यानं बाबलीला हसत म्हटलं होतं, "तुमी फुकट वाटतास तर माझ्याकडसून कोण घेतलो?" तेव्हा सगळे हसले होते. आता कुणाला ते हसणं आठवेना, वाक्य तेवढं आठवलं. बंदरावरच्या हॉटेलात ही चर्चा चालली असताना कुणीतरी हरिश्चंद्राला विचारलं, "काय एजंटानू, चितारीच असात मां?" हरिश्चंद्र चहा पीत होता. त्यानं कपातून तोंड न काढता मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की ठाऊक नाही म्हणून, हे ज्यानं त्यानं ठरवावं, अशी सोय त्यानं ठेवली होती. गावानं हो ठरवलं.

त्या संध्याकाळी तो जामसंड्याला गेला, भावोजींना सगळं सांगायचंच असं ठरवून. बाबली नुसत्या हातांनी खळ्यात बसला होता. आता हातात कोरायला काही नसे. मेव्हण्याला बघताच त्याचा चेहरा फुलला, त्यानं सुपारी पुढे केली, कलमांना मोहर चांगला येईलसं दिसतंय म्हणाला. हरिश्चंद्र तासभर बसला, मोहरावर बोलला आणि उठला. सुगंधा दारापर्यंत आली. साहेब जेवून गेले त्या दिवसापासून ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलत होती. "दादा, काय सांगूक इल्लंस?" तिनं विचारलं. "काय नाय, असोच," तो म्हणाला. ती मान हलवून आत गेली.

जत्रेचा दिवस आला. गणपत आपली पेटारी डोक्यावर घेऊन देवळाजवळच्या नेहमीच्या जागी पोचला तर त्याला मांडायलाच देईनात. त्याला आधी काही समजेना, मग समजलं तेव्हा तो रडकुंडीला आला. "माझ्या पोरांची शपथ, माका कंपनीचो पत्तो पण ठावक नाय," तो म्हणत होता. चार जत्रांवर त्याचं वर्ष चालायचं. एका जत्रेतून असं नाव काढून हाकललं, तर दुसरीकडे तरी कोण उभं करील? शेवटी तो म्हणाला, "माका देवीसमोर उभो करा. कौल लावा. देवी सांगात ता माका मान्य."

गावाला तेच हवं होतं. दुपारच्या वेळी सगळे देवळात जमले. पुरुष सभामंडपात, बायका खांबांपलीकडे. हरिश्चंद्राला एजंट म्हणून पुढे मानाच्या जागी बसवलं, अगदी बाबलीच्या शेजारी. गुरवानं पाषाण धुतला, पाकळ्या चिकटवल्या, आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "आई माऊली, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका सुरात म्हणाला.

"बाबली तुझो लेक. तुझ्या परवानगीन बोटी करी होतो म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणी खोटा सांगान तेचो घात केल्यान. ह्यो गणपत तो माणूस असात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या पडेनात. गणपत हात जोडून उभा होता. हरिश्चंद्र पाषाणाकडे बघत होता. कौलाला हसणारा हा माणूस. पण त्या घडीला त्याला दोन्ही पाकळ्यांची भीती वाटली. उजवी पडली तर देवी त्याच्यासाठी खोटं बोलली असं होणार होतं, आणि एक गरीब माणूस त्यापायी जिवानिशी नाही तरी पोटानिशी जाणार होता. डावी पडली तर गाव पुढचं नाव शोधणार होतं. मंडपातल्या एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली आणि खांबांपलीकडे सुगंधेवर जाऊन थांबली. ती देवीकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. आपला भाऊ आता तरी उठेल, एवढीच वाट ती बघत होती.

तो उठला. "थांबा," तो म्हणाला. "गणपतान काय केल्यान नाय. साहेबाक बोट मी दाखवलंय. मी सांगलंय तेका."

आता पुढचं सांगायचं होतं. देवीची लाज वाटली ते, बजावलं म्हणालो ते, विकतात म्हणालो ते. त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी बाबली उठून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आयकलास?" बाबली गावाकडे वळून म्हणाला. "ह्यो माझो मेव्हणो! परक्या माणसाच्या अन्नात माती पडतली म्हणान आपल्यार घेता! अरे, जेणां साहेबाचे पाय धरून माझ्यो बोटी वाचवल्यान, तो माझ्याबद्दल खोटा सांगतलो? मी विकतंय म्हणान सांगतलो?"

"नाय! नाय!" मंडप घुमला.

"भावोजी, नाय, मी खरांच..."

"बस रे तू," बाबलीनं त्याला खांद्याला धरून मिठीत घेतलं. "तुझां मन माका कळला. पुरे झालो कौल. ज्या माणसासाठी माझो हरी देवीसमोर उभो रवलो, तो माणूस माका निर्दोष. कोण असात तो असात, देवी बघून घेईल. गणपता, जा, दुकान मांड."

गुरवानं पाकळ्या काढून घेतल्या. लोक पुढे होऊन हरिश्चंद्राच्या पाठीवर थाप मारू लागले. "एजंट असलो तरी देवमाणूस," कुणी म्हणालं. काशीबाईनं दोन्ही हातांनी त्याची दृष्ट काढली. आणि गणपत चिताऱ्यानं, ज्याच्या नावावर त्यानं हॉटेलात मान हलवली होती त्या गणपतनं, वाकून त्याच्या पायांना हात लावला. हरिश्चंद्रानं पाय मागे घेतले, तर लोकांना तोही विनयच वाटला.

बोलायला अजून वेळ होता. आवाज चढवून सांगता आलं असतं, खांब धरून ओरडता आलं असतं. पण चितारी सुटला, आता कुणाचं नुकसान नाही, असा एक विचार त्याच्या मनात आला आणि तो विचार त्यानं घट्ट धरला. शिवाय खरं सांगायचं तर लोकांच्या थापा पाठीवर पडत होत्या, आणि काही क्षण त्या त्याला बऱ्या वाटल्या. याचीच त्याला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. साहेबांसमोर तो भ्यायला होता. भीती माणसाला असते. पण देवीसमोर, न केलेल्या मोठेपणाची थाप पाठीवर घेताना तो भ्यालेला नव्हता.

बाबलीनं त्याला तिथून तसाच घरी जेवायला नेला. बरोबर गुरव, शेजारी, आणि दुकान सोबत आलेल्या भाच्यावर सोपवून गणपतसुद्धा. बाबली वाटभर बोलत होता. महिनाभरात तो एवढा बोलला नव्हता. हरिश्चंद्र पाय धुवायला मागल्या दारी गेला. सुगंधा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पायांवर पाणी घालू लागली.

"सुगंधा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी सगळा सांगणार होतंय. विकतत म्हटलंय ता पण. त्येंनी बोलूकच दिल्यानी नाय."

"बघलंय मी."

"आता सांगतंय. पानार बसायच्या आधी सांगतंय. माका सोसवत नाय गो ह्या."

तिनं तांब्या खाली ठेवला. "नको सांगू."

"कित्याक?"

"दादा, ते आज हसले. नांगर खरवडूक लागल्यापासून मी तेंका हसताना बघूक नाय. हातात काय नाय म्हणान रात्री उठान बसतत. देवीन दिलेली परवानगी खोटी झाली, बोटी उघड्यो पडल्यो. तेंच्याकडे आता एकच गोष्ट उरली आसा, माझो हरी. ती पण तू काढून घेशीत?"

हरिश्चंद्रानं तांब्या उचलून उरलेलं पाणी स्वतःच पायांवर ओतलं.

"इतके दिवस मी वाट बघलंय, तू सांगशीत म्हणान. खळ्यात इल्लंस, मोहरार बोलान गेलंस. तेव्हा सांगला असतंस तर तेंनी तुका मारल्यानी असती, शिव्या दिल्यानी असत्यो, आणि मगे माफ पण केल्यानी असती. आता नाय जमाचा. आता तू सांगशीत ता तुका मोकळा वाटाचा म्हणान सांगशीत." तिचा आवाज चढला नव्हता, पदरानं तिनं कपाळाचा घाम पुसला. "ते तुका देवमाणूस म्हणतले. चारचौघांत म्हणतले, मरापर्यंत म्हणतले. तू आयकान घे. मान खाली घालू नको, तेंका संशय येतलो. तेवढा तुका करूक व्हया."

"आणि तू?"

"मी वाढतलंय," सुगंधा म्हणाली. "जा, थंय पानां मांडल्यानी."

आतून बाबलीची हाक आली, "हरी, खंय रवलंस रे?" पडवीत केळीची पानं मांडली होती. पंगतीच्या तोंडाशी, जिथे घरधनी बसतो त्या पाटावर, बाबलीनं मेव्हण्यासाठी जागा केली होती आणि स्वतः तो खाली गणपतच्या शेजारी बसला होता. हरिश्चंद्र नको नको म्हणाला, तर सगळ्यांनी त्याला धरून पाटावर बसवलं. बाबलीनं देवळातली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, यावेळी जरा वाढवून, आणि गणपत मध्ये मध्ये डोळे पुशीत होता.

सुगंधा वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन आली. पहिलं वाढप तिनं भावाला केलं. हरिश्चंद्रानं मान वर ठेवली, भावोजींकडे बघून हसला आणि जेवायला सुरुवात केली.